लिफ्टसाठी मामा

माझ्या मामांना लिफ्टमधून कधीच बाहेर काढलं नाही.

हे वाक्य विसरा. मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही. आपण असं धरून चालू की शनिवारची सकाळ आहे, दहाला पाच कमी आहेत, मामा नुकतीच दाढी करून आलेत, शर्टाला कडक इस्त्री आहे आणि संध्याकाळी पाचला ते सुटणार आहेत. मामीला तसं सांगूनच ते निघाले होते. "साडेपाचला चहा टाक," म्हणाले. मामीने विचारलं, "नक्की ना?" तेव्हा आम्हाला तो प्रश्न काळजीचा वाटला होता.

आमची संस्था वृद्धाश्रम चालवते. तळमजल्यावर कचेरी आणि स्वयंपाकघर. पहिल्या मजल्यावर ज्यांना चालता येतं ते, दुसऱ्या मजल्यावर ज्यांना येत नाही ते. ही वाटणी कोणी केली हे कुणी सांगत नाही, पण वरच्या खोल्यांचं भाडं कमी आहे. वरच्या चौदा जणांपैकी अकरा जण चार वर्षांत एकदाही खाली आले नव्हते. उरलेले तिघे आले, पण चौघांच्या खांद्यावर.

लिफ्ट होती. म्हणजे अर्धी होती. एका बांधकाम ठेकेदाराने मुलाच्या लग्नाच्या आनंदात लिफ्टचा डबा भेट दिला होता. मोटार आणि दोर तो मुलीच्या लग्नात देणार होता. मुलगी पळून गेली. तेव्हापासून तो डबा तळमजल्यावर उभा आहे. पुढे सरकतं जाळीचं दार, आत एक आरसा, एक पंखा, लिफ्टवाल्यासाठी एक स्टूल. ठेकेदाराने मोजमापात चूक केल्यामुळे डब्याचं मागचं दार थेट न्हाणीघरात उघडायचं. न्हाणीघराला खिडकी नव्हती. या चुकीवर आम्ही चार वर्षं हसलो. ती किती उपयोगी आहे ते नंतर कळलं.

मी तिथे निधी संकलक. हंगामी. तीन वर्षं हंगामी म्हणजे ऋतू फार लांबला होता, पण अध्यक्ष म्हणायचे, "मोटार आली की तुझं पक्कं." अध्यक्ष पेशाने दंतवैद्य, त्यामुळे समोरच्याला बोलता येत नसताना प्रश्न विचारायची त्यांना सवय.

मोटारीसाठी आम्ही काय काय नाही केलं! चिटणीसांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला. त्यांचा आवाज भसाडा आहे, तेव्हा लोकांनी त्यांना थांबवण्यासाठी पैसे द्यायचे अशी योजना होती. पण थांबवायला पैसे पडतात आणि निघून जाणं फुकट आहे, हे लोकांच्या पहिल्याच कडव्यात लक्षात आलं. मग 'पायरी दत्तक' योजना काढली. जिन्याच्या चव्वेचाळीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दात्याच्या नावाची पितळी पट्टी. सगळ्या पायऱ्या गेल्या. मग दात्यांची सभा झाली आणि त्यांनी लिफ्टला कडाडून विरोध केला, कारण लिफ्ट आली तर त्यांच्या पायऱ्यांवरून चालणार कोण? पैसे त्यांनी परत नेले. पट्ट्या आमच्याकडेच राहिल्या.

तेव्हा अध्यक्षांनी तुरुंगाची कल्पना काढली. एखाद्या नामवंत माणसाला दिवसभर लिफ्टमध्ये कोंडायचं, आणि लोकांनी देणगी देऊन त्याला सोडवायचं.

"नामवंत कोण आहे आपल्यात?" चिटणीसांनी विचारलं.

मामा उभे राहिले. कुणी सुचवायच्या आधीच राहिले.

मामा बत्तीस वर्षं दाखल्यांच्या कचेरीत होते. जन्म, मृत्यू, लग्न, रहिवास, उत्पन्न, सगळे दाखले त्यांच्या एका खिडकीतून जायचे, किंवा जायचे नाहीत. गावात त्यांना उद्यासाहेब म्हणत, कारण खिडकीवर ते एकच वाक्य बोलायचे: "उद्या या." मामांची समजूत अशी की हे टोपणनाव लोकांनी प्रेमाने ठेवलंय. आम्ही घरच्यांनी ती समजूत कधी मोडली नाही. आम्हालाही दाखले लागायचेच.

नियमावली मामांनीच लिहिली. सतरा नियम, तीन प्रतींत. नववा नियम: एकदा फाडलेली पावती कोणत्याही कारणास्तव रद्द होणार नाही. अकरावा: मुदतीपूर्वी सुटका हवी असल्यास कैद्याने स्वहस्ताक्षरातील अर्ज कचेरीच्या खिडकीवर प्रत्यक्ष हजर राहून सादर करावा.

"मामा," मी म्हणालो, "कैदी आत असताना खिडकीवर हजर कसा राहील?"

"तो कैद्याचा प्रश्न आहे," मामा म्हणाले. "नियम करताना कैद्याचा विचार करायचा नसतो."

मी एकच भर घातली. हिरवी पावती घेतली की कैद्याचा एक तास कमी होणार, हे ठरलंच होतं. मी म्हटलं, एक पिवळं पुस्तकही ठेवू. पिवळी घेतली की एक तास वाढणार. दोन्हींची किंमत सारखी, दोन कप चहाइतकी. जरा गंमत येईल.

मामा मनापासून हसले. "ठेव, ठेव. कोण घेतंय?" मग त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर सात नावं होती. मुदत सात तासांची, म्हणून सात माणसं, प्रत्येकी एक हिरवी. "साडेदहापर्यंत मी बाहेर असेन. तुमचा कार्यक्रम फार लवकर आटोपेल, त्याचं वाईट वाटतं."

दहा वाजता अध्यक्षांनी जाळीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. माझं टेबल कचेरीच्या खिडकीत, लिफ्टपासून अकरा पावलांवर. मामा स्टुलावर ताठ बसले, आरशात भांग बघितला, आणि गर्दीची वाट पाहू लागले.

यादीतलं पहिलं नाव माझ्या वडिलांचं. ते सव्वादहाला आले.

"या भाऊजी!" मामा आतून म्हणाले. "हिरवं पुस्तक डावीकडे."

वडिलांनी चष्मा लावला, दोन्ही पुस्तकं नीट पाहिली आणि हळू आवाजात मला म्हणाले, "पिवळ्या दोन."

"बाबा?"

"चौदा महिने, बाळा. घराच्या कागदाला एक टाचणी नव्हती म्हणून चौदा महिने. सख्खा मेहुणा. टाचणी मी घरून नेली तर म्हणे, ही सरकारी नाही. फाड."

मागे आई उभी होती. मामांची सख्खी थोरली बहीण. मी आशेने पाहिलं.

"मी हिरवी घेणार होते रे," आई म्हणाली, "पण सुट्टे पैसे ह्यांनी वापरले." आणि जाळीपाशी जाऊन मामांना म्हणाली, "बारीक झालास रे!" मामांना आत जाऊन सोळा मिनिटं झाली होती.

यादीतलं दुसरं नाव मामांच्या कचेरीतल्या शिपायाचं, "माझा उजवा हात" असं मामा ज्याला म्हणायचे तो. उजव्या हाताने तीन पिवळ्या घेतल्या आणि डाव्या हाताने पावत्या खिशात घातल्या. तिसरे शेजारी. चौथा न्हावी, त्याने एकच घेतली पण वर म्हणाला, "अर्ध्या तासाची मिळत नाही का? रोज एक घेईन." बाराच्या सुमाराला यादी संपली आणि यादीबाहेरचे लोक सुरू झाले.

ते जुने कागद घेऊन येत होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिवळे पडलेले अर्ज, कडा झिजलेल्या पोचपावत्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेल्या. एका बाईंनी मला त्यांचा लग्नाचा दाखला दाखवला. तो हाती आला तेव्हा त्यांचा घटस्फोट झाला होता. एका टॅक्सीवाल्याने वडिलांचा मृत्यूचा दाखला आणला होता. "साहेबांनी अकरा वेळा परत पाठवलं," तो म्हणाला. "बाराव्या खेपेला म्हणाले, मयताची सही राहिली आहे." त्याने अकरा घेतल्या. हिशोबाचा माणूस.

मामांना लिफ्टमधून रांग दिसत होती, पुस्तकं दिसत नव्हती. ते हात हलवत होते. रांगेतले लोकही हात हलवत होते. इतकं प्रेमळ दृश्य मी त्या इमारतीत पाहिलं नव्हतं.

"म्हटलं नव्हतं?" मामा मला ओरडून म्हणाले. "माणसं जोडलीयत मी! किती हिरव्या झाल्या?"

तीन वाजले होते. पाच तास गेले होते, दोन उरायला हवे होते, उरले होते चौतीस. मी जाळीपाशी गेलो आणि सांगितलं.

मामांनी आरशात बघून भांग सारखा केला. मग म्हणाले, "गंमत करतायत."

"हो, मामा."

"शेवटी सगळे हिरव्या घेतील. लोक आधी चेष्टा करतात." मग जरा खालच्या आवाजात, "मामी आली का रे?"

मामी त्याच वेळी आली. हातात डबा होता. रांगेने तिला वाट करून दिली. सगळे श्वास रोखून बघत होते, कारण चौतीस हिरव्या घेण्याची ऐपत मामीची नक्की होती. तिने जाळीतून डबा आत दिला, मामांची कॉलर नीट केली, आणि माझ्या टेबलाशी आली.

"पिवळ्या सहा दे," ती म्हणाली.

"मामी, अगं..."

"फार नाही रे. हॉलला रंग द्यायचाय. तीस वर्षं म्हणतायत, उद्या देऊ. ते नसताना उरकून घेते." जरा विचार करून म्हणाली, "आठ कर. दुसरा हातही लागेल."

"आता बेचाळीस!" मी ओरडून जाहीर केलं.

आणि थोड्याच वेळात माझ्या खिडकीसमोर टोपली उतरली.

टोपली दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईबाईंची. त्यांनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, मग गुडघे गेले, मग डोळे. खाली येता येत नाही म्हणून औषध, दोरा, पेपर सगळं त्या दोरीला टोपली बांधून मागवतात. लिफ्टच्या रिकाम्या उभ्या पोकळीतून खालचा प्रत्येक आवाज वर जातो. सकाळपासून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

टोपलीत रुमालाची गाठोडी होती आणि एक चिठ्ठी, मोठ्या वाकड्या अक्षरांत. 'माझ्या चष्म्याचे आहेत. बेचाळीस हिरव्या बसतील. त्यांना घरी जाऊ द्या. कोंडून बसणं काय असतं ते मला ठाऊक आहे.'

मी पैसे मोजले. बरोबर बेचाळीस. बेचाळीस हिरव्या म्हणजे शून्य. म्हणजे मामा बाहेर, साडेपाचचा चहा, रांग बरखास्त.

अध्यक्ष माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी रांगेकडे पाहिलं. ती फाटकाबाहेर वळण घेऊन गेली होती. एक माणूस तर घडीची खुर्ची घेऊन आला होता.

"पक्की नोकरी," अध्यक्ष म्हणाले, "माणसाला एकदाच चालून येते. कुठे दुखतंय का?" शेवटचा प्रश्न सवयीचा असावा.

मला दुखत नव्हतं. मी पिवळं पुस्तक ओढलं. बेचाळीस पिवळ्या फाडल्या, शिक्के मारले, टोपलीत ठेवल्या आणि दोरीला हिसका दिला. टोपली वर गेली. शिलाईबाईंना रंग दिसत नाहीत हे मला माहीत होतं. चष्म्याचेच तर पैसे होते.

थोड्या वेळाने वरून, पोकळीतून, बारीक आवाज आला. "सुटले का हो ते?"

"सुटतायत, आजी!" मी ओरडलो.

मामांनी चमकून वर पाहिलं. मग माझ्याकडे. मग जाळीकडे. आणि कॉलर नीट केली, जायला तयार.

पाच वाजले.

त्यानंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. सोमवारपर्यंत मामा दोन महिन्यांवर गेले. बातमी शेजारच्या गावात पोचली, तिथलेही दाखले मामांच्याच खिडकीतून जायचे. लोक गाड्या करून आले. शाळेने मुलांची सहल आणली. मधे एक हवालदार चौकशीला आला, "माणसाला असं कोंडता येतं का?" म्हणाला. मी नियमावली दाखवली, मामांची सही दाखवली. त्याने मामांकडे टक लावून पाहिलं. "रहिवासाचा दाखला देणारे तेच ना?" मग टोपी काढून रांगेत उभा राहिला.

मामा बदलले नाहीत. पावत्यांवरचे शिक्के नीट उमटतायत का, याची रोज चौकशी करायचे. एकदा मी विचारलं, "मामा, राग येत नाही?"

"कसला? रांग शिस्तीत आहे." मग म्हणाले, "माझ्या खिडकीवर कधी इतकी शिस्त नव्हती."

मी तिथून उठलो. मला काम होतं.

पाचव्या आठवड्यात मोटारीचे पैसे जमले. मामांची मुदत चार वर्षं सात महिने झाली. मोटार बसवायला कारागीर आले आणि म्हणाले, "डब्यात माणूस आहे." कार्यकारिणीची बैठक बसली. मामांना सोडायचं तर नववा नियम मोडतो, नियम मोडला तर दाते पैसे परत मागणार, पायऱ्यांच्या वेळी तोंड पोळलं होतं. शेवटी चिटणीसांनीच मार्ग काढला. लिफ्टला लिफ्टवाला लागतोच, स्टूलही आहे, पगार वाचेल. ठराव एकमताने पास झाला. त्याच बैठकीत मी पक्का झालो.

उद्घाटनाला फीत होती. मोटार घरघरली आणि मामा दोन मजले वर गेले. पाच आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदाच खिडकीतून आकाश पाहिलं असेल. दुसऱ्या मजल्यावर जाळी उघडली, कुलपाची किल्ली घेऊन अध्यक्ष जातीने उभे होते, आणि पहिला मान म्हणून शिलाईबाईंची चाकाची खुर्ची आत ढकलली. खुर्ची मी धरली होती. जाळी पुन्हा बंद झाली.

"चार वर्षांनी," शिलाईबाई म्हणाल्या. नुसतं तेवढंच. मग मामा खोकले तशी त्यांच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "आवाज ओळखीचा वाटतो खोकल्याचा. तुम्ही खाली कोंडलेले होता ते ना? मी ऐकायचे. सुटलात त्या दिवशी मला फार बरं वाटलं हो."

"मी सुटलो नाही," मामा म्हणाले.

"असं कसं? मी चष्म्याचे सगळे पैसे भरले की. बेचाळीस हिरव्या. या पोराकडेच."

लिफ्ट पहिल्या मजल्यावरून खाली सरकत होती. आरशात आम्ही तिघे दिसत होतो. मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पक्का कर्मचारी होतो, तरी घाम फुटला.

मामांनी हात पुढे केला. माझ्याकडे नाही, शिलाईबाईंकडे.

"पावत्या आहेत?"

बाईंनी कमरेच्या बटव्यातून गठ्ठा काढला. त्यांनी तो रुमालात जपून ठेवला होता. मामांनी पहिली पावती उजेडाकडे धरली. पिवळी. दुसरी. तिसरी. लिफ्ट तळाला लागली तरी बेचाळीसच्या बेचाळीस त्यांनी एकेक करून पाहिल्या. बाहेर टाळ्या चालू होत्या. मला वाटलं, आता ते ओरडतील. सगळ्यांसमोर ओरडले असते तर कदाचित... पण जाऊ दे.

"तारीख आहे," मामा म्हणाले. "सही आहे. शिक्का स्पष्ट आहे." त्यांनी गठ्ठा नीट जुळवला आणि बाईंना परत दिला. "पावती बरोबर आहे, बाई. तुमचीच ऐकण्यात चूक झाली असेल."

"असेल बाई," शिलाईबाई म्हणाल्या. "म्हातारपण." आणि खुर्चीतून चार वर्षांनी अंगणात गेल्या. त्यांना तिथे काही दिसलं नाही, पण ऊन लागलं म्हणाल्या.

लिफ्टला देखभाल लागते, म्हणून पिवळं पुस्तक चालूच ठेवलंय. न्हावी रोज येतो. मामीने हॉल झाल्यावर स्वयंपाकघर काढलंय, आता वरती गच्चीचं बघतेय. मामा स्टुलावर बसून वर जातात, खाली येतात, आणि कुणी घाई केली की आपोआप "उद्या या" म्हणतात. मग लिफ्ट चालवतात.

मागच्या आठवड्यात त्यांनी सुटकेचा अर्ज लिहिला. स्वहस्ताक्षरात, तीन प्रतींत, समासासह. जाळीतून माझ्याकडे दिला. मी वाचून परत केला. "मामा, अकरावा नियम. खिडकीवर प्रत्यक्ष हजर राहून."

"बरोबर," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर माझ्याबद्दल अभिमान दिसला, हे खोटं नाही. रात्रभर विचार करून त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. तोही जाळीतून दिला. तोही प्रत्यक्षच द्यावा लागतो, पण ते मला सांगवेना. म्हणून मी म्हणालो, "उद्या या."

अर्ज माझ्या टेबलावर आहे. त्याला टाचणीही लावलेली आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी

विषय: अकरा पावले चालण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, अर्जदार तळमजल्यावरील लिफ्टमध्ये नियमानुसार कैदेत असून त्याची मुदत आजमितीस सहा वर्षे दोन महिने शिल्लक आहे. त्याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. अर्जदारास सुटकेचा अर्ज सादर करावयाचा आहे. नियम क्र. ११ अन्वये सदर अर्ज खिडकीवर प्रत्यक्ष हजर राहून देणे बंधनकारक आहे व सदर नियम अत्यंत योग्य आहे. खिडकी लिफ्टपासून अकरा पावलांवर आहे. तरी अर्जदारास केवळ आपला अर्ज देण्यापुरते, जाऊन-येऊन दहा मिनिटे, लिफ्टबाहेर सोडण्यात यावे, व खिडकी त्या वेळी उघडी ठेवण्यात यावी, ही विनंती.